अधिवेशनाची भाजी गणपतीआधी पेरायची

शेफसाहेबांनी क्रेटमधली बीन्सची एक शेंग उचलली आणि दोन बोटांत धरून मोडायला गेले. शेंग वाकली. दुसरी घेतली, तीही वाकली. तिसरी मोडली, पण दोन तुकड्यांच्या मधे एक दोरा लोंबत राहिला. तो दोरा त्यांनी ओढून मला दाखवला, तुकडे टेबलावर ठेवले आणि क्रेट माझ्याकडे सरकवलं. "ताई, ही मी ताटात नाही घालू शकत."

अठरा किलो बीन्स होत्या. पहाटे चारला उठून टेम्पोत घातलेल्या. परत येताना मी नवऱ्याशी एक अक्षर बोलले नाही. राग शेफवर नव्हता, कारण त्यांचं खरं होतं. ती शेंग मंगळवारी तोडायची होती आणि आम्ही शुक्रवारी तोडली. तीन दिवसांत शेंग जाड होते, वजन भरतं, म्हणून आम्ही सगळेच एक तोड लांबवतो. मार्केटात ते चालतं. तिथं अख्ख्या ढिगाचा सौदा होतो, कोवळी-जून सगळी एकाच पोत्यात जाते. हॉटेलच्या मागच्या दाराशी मात्र एकेक शेंग बघणारा माणूस उभा असतो. गेली चार-पाच वर्षं मी गावातली भाजी थेट हॉटेलांना पुरवायचं काम करते. त्यात जे काही शिकले त्याची सुरुवात त्या तीन शेंगांपासून झाली.

आमचं गाव बेळगावच्या उत्तरेला, मार्कंडेय नदीच्या बाजूला, कडोलीच्या आसपासच्या पट्ट्यात. हा सगळा भाग भाजीचा. बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर, हवा थंड, त्यामुळे कोबी, फ्लॉवर, बीन्स, गाजर, बीट, नवलकोल, ढबू मिरची असं सगळं येतं. पावसाळ्यात बटाटा, रताळी. आमची स्वतःची बत्तीस गुंठे जमीन. भावकीत आणि शेजारी बहुतेकांची अशीच, एकराच्या आतबाहेर. मी लग्न होऊन आले तेव्हा बी.कॉम. झालेली होते, आणि सासऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात पट्ट्यांची पिशवी माझ्या हातात दिली. पट्टी म्हणजे दलालाकडून येणारी हिशोबाची चिठ्ठी. अडत, हमाली, तोलाई, गाडीभाडं सगळं कापून खाली जो आकडा राहतो तो आपला. काही पट्ट्यांवर तो आकडा उणे होता. कोबी विकून वर शेतकऱ्यानंच देणं लागायचं. मी ती पट्टी दोनदा वाचली होती, बेरीज चुकली असेल म्हणून.

२०२० च्या मार्चअखेर लॉकडाऊन लागला आणि गोव्याला जाणाऱ्या गाड्या थांबल्या. बेळगावची भाजी गोव्यावर किती अवलंबून आहे ते त्या पंधरवड्यात कळलं. कोबीचे गड्डे शेतातच फुटायला लागले. लोकांनी फ्लॉवरमध्ये जनावरं सोडली. आम्ही दोघांनी पास काढून टेम्पो शहरात नेला. टिळकवाडी, हनुमाननगर, शहापूर, जिथं उभं राहू देतील तिथं. तिथं एक बाई रोज येऊन निवडून निवडून वांगी घ्यायच्या. खानावळवाल्या निघाल्या. तेव्हा फक्त डबे देत होत्या. म्हणाल्या, "अशी बारकी वांगी मला रोज आणून दे. रोज म्हणजे रोज हं. एक दिवस आणून चार दिवस गायब, असं नको."

पहिलं गिऱ्हाईक असं मिळालं. पुढची मिळवायला मात्र पुष्कळ हेलपाटे घातले. २०२१ च्या दिवाळीनंतर मी वहीत सतरा हॉटेलांची नावं लिहिली आणि एकेकाच्या दारात जायला लागले. पहिली चूक म्हणजे मी सकाळी अकराला जात होते. त्या वेळी स्वयंपाकघरात दुपारच्या जेवणाची घाई असते, कोण बोलणार? एका मोठ्या हॉटेलच्या खरेदी मॅनेजरनी चार दिवस "नाळे बन्नी", म्हणजे उद्या या, एवढंच सांगितलं. पाचव्या दिवशी दुपारी साडेतीनला गेले, तर तेच साहेब निवांत चहा पीत बसलेले. खुर्ची दिली. अर्धा तास बोलले. हॉटेलवाल्याला भेटायचं तर साडेतीन ते पाच. कुणी मला आधी सांगितलं असतं तर माझे दोन महिने वाचले असते.

आणखी एक चूक. मी विचारायचे, "भाजी घेणार का?" ते म्हणायचे, "आमचा पुरवठादार आहे." तिथंच बोलणं संपायचं. मग मी विचारायला लागले, "तुम्हाला कुठली भाजी हवी तशी मिळत नाही?" ह्या प्रश्नाला प्रत्येकाकडं उत्तर होतं. खानावळीला भाकरीबरोबर कच्ची द्यायला कोवळी मेथी, कांदापात आणि मुळा हवा, आणि मेथीची पेंडी दुपारपर्यंत टवटवीत राहिली पाहिजे. उडुपी हॉटेलला सांबाराची भाजी रोज सहाच्या आत हवी. मोठ्या हॉटेलला सगळ्या ढबू मिरच्या एका आकाराच्या हव्यात, कारण त्या भरून ताटात उभ्या करायच्या असतात. ब्रोकोली, चेरी टोमॅटो, लाल-पिवळी ढबू ते पुण्या-बेंगळूरहून मागवत होते. ती वाटेत दोन दिवस जुनी होऊन यायची. ही यादी घेऊन मी गावात आले आणि मारुतीच्या देवळात अकरा घरं जमवली. सगळ्यांची मिळून जमीन साडेसात एकर.

तात्या आमच्या भावकीतले सगळ्यात वडील. त्यांनी यादी ऐकली आणि म्हणाले, "पोरी, हे सगळं बरोबर आहे खरं ह्यातलं आज कुणाच्या रानात काय आहे सांग." आमच्याकडं "खरं" म्हणजे "पण". मी यादीवर बोट फिरवलं. मेथी सहा जणांकडं होती, सगळ्यांची एकाच आठवड्यात पेरलेली. कोबी सात जणांकडं. मुळा, कांदापात कुणाकडंच नाही.

हॉटेलला विकणं म्हणजे गोड बोलून गिऱ्हाईक पटवणं असं मला आधी वाटायचं. त्या संध्याकाळी कळलं की हॉटेलची विक्री पेरणीच्या दिवशीच होऊन जाते. शनिवारी खानावळीला वीस पेंड्या मेथी हवी असेल तर ती महिन्यापूर्वीच्या एका ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या दोन गुंठ्यांत पेरलेली असली पाहिजे. मग आम्ही उलटे मोजत बसलो. मेथी पंचवीस ते तीस दिवस. पालक महिना. काकडी, मुळा, कोथिंबीर चाळीस-पंचेचाळीस. बीन्स पन्नास-साठ. टोमॅटो लावणीपासून पहिल्या तोडीला साठ-सत्तर. कोबी-फ्लॉवरला रोपाचे पंचवीस दिवस अधिक लावणीनंतरचे पंच्याहत्तर-ऐंशी. शाळेच्या आखीव वहीत मी आठवड्यांचे रकाने पाडले आणि घरोघरी भाजी वाटून दिली. एका घरानं एका वेळी दोनच गुंठे मेथी करायची, पुढच्या सोमवारी दुसऱ्या घरानं.

सांगायला सोपं आहे. पेरायच्या दिवशी शेजाऱ्यानं आठ गुंठे मेथी केलेली बघून आपण दोनच गुंठ्यांवर थांबायचं, हे जिवावर येतं. "भाव लागला म्हणजे?" हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात असतो. पहिल्या वर्षी तिघांनी वही मोडली आणि गुपचूप जास्त पेरलं. मी त्यांच्याशी भांडले नाही. जास्तीची मार्केटला घाला, पण हॉटेलचे दोन गुंठे त्यात मिसळू नका, एवढंच सांगितलं. आजही आमची निम्मी भाजी मार्केटलाच जाते. सगळी हॉटेलला घालू असं म्हणणाऱ्याचं मला पटत नाही. हॉटेल चांगला माल घेतं, पण बाकीचा माल कुठं तरी जावाच लागतो.

वांग्याचा हिशोब मला खानावळवाल्या अक्कांना त्यांच्याच भाषेत समजावता येईना. त्यांना एण्णेगायीला बारकी वांगी हवीत, मुठीत दोन मावतील एवढी, देठ हिरवा, अंगावर डाग नको. शेंगदाणा-तिळाचा मसाला भरून वांगं अख्खंच शिजवायचं, त्यामुळे मोठं चालत नाही. मोठी वांगी किलोला ज्या भावात मिळतात त्याच भावात त्या बारकी मागायच्या. "लहानच तर आहे, स्वस्त द्यायला पाहिजेस." एका सोमवारी खानावळ बंद होती, मी त्यांना टेम्पोत घालून शेतावर आणलं. झाडाशी उभं करून म्हटलं, अक्का, तोडा. देठाचे काटे बोटांना लागतात, फडक्यानं धरून तोडावं लागतं. अर्ध्या तासात त्यांची बुट्टी तळ झाकण्याइतकी भरली. शेजारच्या ओळीत माझी जाऊ मोठी वांगी तोडत होती, तिची बुट्टी दोनदा रिकामी झाली. अक्कांनी आपल्या बुट्टीकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "बारकं तोडलं तर वजनच भरत नाही की." त्या दिवसापासून मोठ्या वांग्याच्या दीडपट भाव लागला. आजतागायत त्यांनी त्यावर घासाघीस केलेली नाही.

रात्रीचं निवडणं हे ह्या कामातलं सर्वांत मोठं काम, आणि ते बायकाच करतात. संध्याकाळी ऊन उतरल्यावर तोडायचं, जमिनीवर ओलं गोणपाट पसरायचं, वर बल्ब. माझ्याबरोबर तिघी असतात. ढबूचे तीन ढीग. पहिला ढीग हॉटेलचा, चारही बाजू फुगलेल्या, देठ बोटाच्या पेराएवढा ठेवलेला. देठ मुळातून तोडला तर तिथून सड चढते. दुसरा ढीग चिरून वापरणाऱ्यांसाठी, वाकड्या पण निरोगी. तिसरा घरी. टोमॅटो देठाकडून बोटानं दाबून बघायचा नाही, तळाशी बघायचा, डाग तिथं असतो. पेंड्या सुतळीनं न बांधता केळीच्या सोपटानं बांधतो, पानं कापली जात नाहीत. ह्या तिघींना तासावर मजुरी मिळते, ती भाजीच्या भावात आधीच धरलेली असते. ती धरू नका, घरच्याच तर बायका आहेत, असं आमच्यातल्या एकानं बैठकीत म्हटलं होतं. त्याच्या बायकोनं दुसऱ्या दिवशी निवडायला येणं बंद केलं. आठवड्याभरात ठराव झाला.

शीतगृह आम्हाला परवडणारं नाही. दिल्लीच्या पुसा कृषी संस्थेनं सांगितलेली विटांची, दुहेरी भिंतीची पेटी आम्ही भाजी ठेवायला छपरात बांधली, दोन भिंतींच्या मधे वाळू, सकाळ-संध्याकाळ वाळू भिजवायची, वर ओलं गोणपाट. विजेचा एक युनिट लागत नाही. एप्रिलमध्येही पालेभाजी रात्रभर उभी राहते.

आता एक चूक सांगते, जी पुढं आमच्या कामाची झाली. उडुपी हॉटेलच्या मालकांना आम्ही अण्णा म्हणतो. त्यांची ऑर्डर रात्री नऊला व्हॉट्सॲपवर बोलून येते, कन्नडमधून. मला बोलता येतं, पण भाज्यांची नावं आधी घोटावी लागली. हिरेकायी म्हणजे दोडका, हागलकायी कारलं, सब्बसिगे म्हणजे शेपू. एका पावसाळी रात्री अण्णांनी वीस किलो सौतेकायी मागितली. सौतेकायी म्हणजे काकडी, हे मला पक्कं ठाऊक होतं. पहाटे हिरवी, कोवळी, सालीला तजेला असलेली काकडी घेऊन गेले. अण्णांनी क्रेट उघडलं आणि डोक्याला हात लावला. "इदल्ल अक्का! सांबारक्के बेकू." ही नव्हे, सांबाराला हवी होती. त्यांच्या मंगळूरकडं सौतेकायी म्हणतात ती वेगळी, जाड सालीची, पिवळी-हिरवी पट्ट्यांची, शिजवायची काकडी. ती आमच्या बाजारात क्वचितच दिसते आणि तिकडून येते म्हणून महाग. वीस किलो कोवळी काकडी मी त्याच सकाळी दोन खानावळींत फिरून खपवली.

अण्णांनी पुढच्या वेळी गावाहून येताना एक मोठी पिकलेली सौतेकायी आणली आणि माझ्या हातात दिली. तात्यांनी ती कापून बी काढलं, राखेत घोळून भिंतीला थापलं आणि उन्हाळ्यात विहिरीजवळ अर्ध्या गुंठ्यात लावून बघितलं. वेल आमच्या तांबड्या मातीत बरा चालला. तिची मोठी गंमत म्हणजे ती तोडल्यावर महिना-दोन महिने टिकते, छपराला टांगून ठेवता येते. रोजची घाई नाही. आज अण्णांच्या ओळखीनं तीन उडुपी हॉटेलं ती आमच्याकडून घेतात. ह्या भागात आमच्याशिवाय ती कुणी लावत असेल तर मला माहीत नाही.

बेंदराला आम्ही पहिल्या वर्षी सगळेच विसरलो. बैलांना न्हाऊ घालण्यात, सजवण्यात गाव दंग, रानात कोणी पाऊल टाकलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाच हॉटेलं टेम्पोची वाट बघत बसली. तेव्हापासून वहीच्या पहिल्या पानावर सणांची यादी आहे आणि आदल्या दिवशी दुप्पट तोड होते. त्याच यादीत श्रावण आहे, त्या महिन्यात पालेभाजीची आणि दोडक्याची मागणी वाढते. १ नोव्हेंबर, म्हणजे कर्नाटकचा राज्योत्सव आहे, शहरातले मोठे रस्ते मिरवणुकांनी बंद होतात म्हणून टेम्पो पहाटे चारला आत जाऊन सहाला बाहेर पडतो.

कागदांचं थोडक्यात. हॉटेलच्या हिशोबनिसाला अकरा शेतकऱ्यांची अकरा बिलं नको असतात, त्याला एक नाव, एक बँक खातं, एक पॅन हवा असतो. एका दिवसात एकाला १०,००० रुपयांच्या वर रोख दिली तर आयकरात तो खर्च सहसा धरला जात नाही, म्हणून मोठी हॉटेलं रोखीचं नावच काढत नाहीत. आम्ही गटाच्या नावानं खातं काढलं. ताज्या भाजीवर जीएसटी नाही. स्वतःचं पिकवून विकणाऱ्या शेतकऱ्याला अन्नसुरक्षेचा परवाना लागत नाही. पण आम्ही गोळा करून विकतो, म्हणून आम्ही छोट्या व्यावसायिकाची नोंदणी केली. तेव्हा वर्षाला शंभर रुपये फी होती. तो नंबर बिलावर छापल्यावर मोठ्या हॉटेलात आमच्याशी बोलण्याची पद्धतच बदलली.

२०२३ च्या एप्रिलमध्ये मी दोन हॉटेलांशी टोमॅटोचा वर्षभराचा भाव बांधला, किलोला वीस रुपये. मला त्याचा फार आनंद झाला होता. वर्षभर वीस म्हणजे उणे पट्टीची भीती नाही. जुलैमध्ये देशभर टोमॅटो चढला, किरकोळीला शंभरच्या वर गेला. गावात रात्री व्यापाऱ्यांच्या गाड्या येऊन बांधावर रोख पैसे मोजायला लागल्या. आमच्यातल्या चौघांकडं टोमॅटो होता.

देवळात बैठक बसली ती रात्री बारापर्यंत. एकजण सरळ म्हणाला, "मी उद्या मार्केटला घालूलालो. पोरीची कॉलेजची फी भरायची आहे. दहा वर्षांत एकदा असा भाव येतो." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्याला काय म्हणणार? आधी एकदा त्यानंच टोमॅटो उकिरड्यावर ओतला होता, तेव्हा आम्ही कुणी त्याला वीस रुपये दिले नव्हते. दोघांनी निम्मा-निम्मा करायचं ठरवलं. तात्या म्हणाले, "माझा सगळा हॉटेलला दे." नऊ दिवस त्यांनी दिला. रोज सकाळी त्यांच्या ओट्यावरून क्रेट उचलताना माझा हात जड व्हायचा, कारण त्यांच्या घरी काय परिस्थिती आहे ते मला ठाऊक आहे.

दहाव्या दिवशी दुपारी साडेतीनला मी दोन्ही हॉटेलांत गेले आणि जे आहे ते सांगितलं. बाजारभाव लिहिलेला कागद पुढं ठेवला. अण्णांनी विचारलं, "तुम्हाला किती द्यायचे?" मी पंचेचाळीस म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि त्याच दिवसापासून दिले. मोठ्या हॉटेलनंही दिले, मात्र मागणी निम्म्यावर आणली. सप्टेंबरात भाव कोसळला. तोडणीची मजुरीही सुटेना. त्या वेळेपर्यंत मोठ्या हॉटेलातले मॅनेजर बदलले होते. नवे म्हणाले, बाजारात आठला मिळतो तर वीस कशाला? कागद होता, त्यावर सही होती, पण त्या कागदावर मी कुठं जाणार होते? अण्णांनी मात्र वीस चालू ठेवले. मी काही न मागता.

त्यानंतर मी एकच भाव बांधणं सोडून दिलं. आता दर रविवारी मार्केटच्या तीन दिवसांच्या भावांची सरासरी काढायची, त्यावर निवडण्याचे आणि वाहतुकीचे पैसे, आणि तो आठवड्याचा भाव. त्याला खाली एक मर्यादा, वर एक मर्यादा. टोमॅटोला सध्या खाली चौदा, वर चाळीस. चौदाच्या खाली हॉटेल जाणार नाही, चाळीसच्या वर आम्ही जाणार नाही. वरची मर्यादा आम्ही आपणहून घातली म्हणून खालची मिळाली. पुढं भाव पुन्हा चढला तेव्हा चौघांपैकी कुणीही मार्केटला गेलं नाही, आणि जुलैत गेलेला तो गडी आज आमच्या भावाच्या कागदावर पहिली सही करतो.

पैसे उशिरा येणं हे मात्र अजून सुटलेलं नाही. मार्केटात संध्याकाळी पट्टी आणि पैसे हातात. हॉटेल म्हणतं तीस दिवस, आणि येतात पन्नासाव्या दिवशी. शिवाय दलालाला नुसता लुटारू म्हणणं मला पटत नाही. आमच्यातल्या एकाच्या मुलीच्या लग्नाला दलालानं साठ हजार उचल दिली होती, कागद नाही, तारण नाही. हॉटेल तसं देत नाही. ती उचल फिटेपर्यंत त्याची भाजी त्या दलालाकडंच जाणार, आणि ते योग्यच आहे. आम्ही अकरा घरांनी तीन-तीन हजार घातले, बायकांच्या संघातून पन्नास हजार उचलले, आणि त्या पैशातून दर सोमवारी शेतकऱ्याला त्याचे पैसे देतो, हॉटेलचे येवोत न येवोत. नियम केला की एकवीस दिवस उलटले की माल बंद.

तो नियम मी एकदा मोडला. एका हॉटेलचे मालक फार गोड बोलायचे, मोठी ऑर्डर द्यायचे, आणि मला ते गिऱ्हाईक सोडवेना. दोन महिने गेले. एका सकाळी टेम्पो गेला तर शटर बंद. चालवणारे बदलले होते, आणि नवे म्हणाले की जुन्या बाकीशी आमचा संबंध नाही. ३८,४०० रुपये. अकरा हेलपाट्यांनंतर बारा हजार हाती आले. उरलेले शेतकऱ्यांवर पडू दिले नाहीत, आमच्या गाडीभाड्यातून दीड वर्ष थोडे थोडे फेडले. त्या हॉटेलवरून जाताना अजूनही पोटात खड्डा पडतो.

गोव्याचाही प्रयत्न केला. एका रिसॉर्टनं चांगला भाव सांगितला होता. पावसाळ्यात चोर्ला घाटात दोनदा गाडी अडकली, धुक्यात, तीन-तीन तास. दुसऱ्यांदा पालेभाजी पोचेपर्यंत काळी पडली. एवढ्या लांब रोज जायला मोठी गाडी आणि मोठा माल लागतो, तो आमच्या साडेसात एकरांचा विषय नाही.

आमच्या वर्षातले मोठे दिवस डिसेंबरात येतात. बेळगावला लागून हलग्याजवळच्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरतं, आमदार, अधिकारी, पोलीस, पत्रकार सगळे शहरात, आणि हॉटेलात खोली मिळत नाही. ते दहा-बारा दिवस मागणी दुपटीच्या वर जाते. पहिल्या वर्षी अण्णांनी नोव्हेंबरच्या अखेरीला फोन केला, रोज साठ किलो कोबी हवा. नोव्हेंबरात कोबी कुठून आणणार? त्याला साडेतीन महिने लागतात. मार्केटातून विकत घेऊन दिला आणि तोटा सोसला.

म्हणून आता ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात मी साडेतीनची वेळ धरून प्रत्येक हॉटेलात जाते आणि डिसेंबरचं विचारते. त्यांना गंमत वाटते, गणपती अजून बसायचे आहेत आणि ही अधिवेशनाचं काय विचारते! पण आकडा सांगतात. परवा आकडे घेऊन मी तात्यांच्या रानात गेले. पाऊस उघडला होता. ते गादीवाफ्यावर दोरी ताणून बोटानं रेघा मारत होते.

"कोबी किती?"

"अण्णांना रोज साठ. मोठ्या हॉटेलला पंचवीस, फक्त दीड किलोच्या आतले गड्डे."

"मग लावणी जवळजवळ करायला हवी. गड्डा मोठा नको तर जागा कमी द्यायची." त्यांनी दोरी उचलून दुसऱ्या वाफ्यावर टाकली. "आणि ती सौतेकायी?"

"ती टिकते तात्या. दसऱ्याच्या आधी लावली तरी अधिवेशनाला पुरते."

त्यांनी बंडीच्या खिशातून कागदाची पुडी काढली, राखेतलं बी हातावर घेऊन मोजलं, पुन्हा पुडीत घातलं आणि कोबीचं बी रेघेत सोडायला लागले.